गाण्यातल्या गावाचा पत्ता

पिकते तिथे विकत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. अमेरिकेतल्या एका कापसाच्या गावात ती पस्तीस वर्षे खरी ठरली. त्या गावात एक शेतमजूर राहत होता. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचा आणि संध्याकाळी कोणी बोलावले तर गिटार घेऊन गायला जायचा. गावाला त्याचे कौतुक होते, पण ते शेजाऱ्याच्या चांगल्या बैलाचे असते तेवढेच. आणि त्याच वेळी, शेकडो कोसांवरच्या शहरांत, त्याला कधी न पाहिलेली शिकली-सवरलेली मुले त्याच्या जुन्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून ऐकत होती. एवढा गुणी माणूस आता हयात नसणार, असे ती धरून चालली होती.

या शेतमजुराचे नाव जॉन हर्ट. तबकडी काढणाऱ्या कंपनीने खप वाढावा म्हणून नावापुढे त्याच्या राज्याचे नाव जोडले, म्हणून जग त्याला मिसिसिपी जॉन हर्ट या नावाने ओळखते. ‘ब्लूज’ नावाची गाण्याची एक तऱ्हा अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवली. तिच्या पहिल्या पिढीतला हा गायक. वाचकहो, आज त्याची हकीकत सांगायची आहे ती तो मोठा गायक होता एवढ्यासाठीच नाही. त्याचे गाणे मातीतून आले, कापसातून आले, अर्धेलीच्या शेतीतून आले. ते आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

कापूस आणि कर्ज

मिसिसिपी ही अमेरिकेतली मोठी नदी. तिच्या पूर्वेला तिच्याच नावाचे राज्य आहे. त्या राज्याच्या वायव्येला नदीच्या गाळाने तयार झालेला सपाट मुलूख आहे, त्याला तिकडे डेल्टा म्हणतात. जमीन खोल आणि कसदार, नजर जाईल तिथवर कापूस. ही सपाटी पूर्वेकडे जिथे संपते आणि टेकड्या लागतात, तिथे ॲव्हलॉन नावाचे खेडे आहे. जॉन जवळच्याच टिओक या वस्तीत जन्मला आणि ॲव्हलॉनमध्ये वाढला. जन्म १८९३ च्या आसपासचा.

त्याचे आईबाप गुलामगिरीच्या काळात जन्मलेले होते. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या पिढ्यान् पिढ्या त्या मुलखात गुरांसारख्या विकल्या गेल्या. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि त्याच्या शेवटी गुलामगिरी कायद्याने संपली. या लढाईची झळ, खरे म्हणजे ऊब, आपल्याकडेही लागली होती. अमेरिकेचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेनासा झाला, म्हणून वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि लढाई थांबताच १८६५ मध्ये तो ओसरलाही. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले कोणाला, तर काळ्या लोकांची दास्यातून सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून जोतीरावांना तिकडच्या गुलामाचे दुःख आपले वाटले होते.

पण गुलाम मोकळा झाला म्हणजे शेतकरी झाला असे नव्हे. लढाई संपता संपता, मोकळ्या झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन मिळेल असे एका सेनापतीने जाहीर केले होते. काहींना ती मिळालीही. वर्ष संपायच्या आत नव्या राष्ट्राध्यक्षाने तो हुकूम फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या. मग उरली ती अर्धेलीची शेती. जमीन मालकाची, राहायचे झोपडे मालकाचे, खेचर, अवजारे, बी-बियाणे तेही मालकाचेच. राबणे मात्र सगळ्या कुटुंबाचे. पीक आले की अर्धे याचे, अर्धे त्याचे.

कागदावर हा व्यवहार वाईट दिसत नाही. खोच उधारीत होती. पेरणीपासून वेचणीपर्यंत कुटुंबाने खायचे काय? तर मालकाच्याच दुकानातून पीठ, मीठ, कापडचोपड उचल म्हणून आणायचे. त्यावर चढे व्याज. वही मालकाची, लिहिणारा मालकाचा माणूस आणि वर्षाअखेरी हिशेब सांगणाराही तोच. अक्षरओळख नसलेल्या माणसाने ‘यंदाही तुझ्याकडेच बाकी निघते’ हे ऐकायचे आणि पुढच्या सालाला पुन्हा जुंपून घ्यायचे. भांडला तर जीव जाण्याची भीती. आपल्याकडच्या सावकारी वहीची ज्यांनी आजोबांच्या तोंडून वर्णने ऐकली आहेत, त्यांना यातले काही समजावून सांगावे लागू नये.

त्यात निसर्गही आपला नव्हता. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून एक सोंडेचा किडा अमेरिकेत शिरला. तो कापसाच्या कळीत आणि बोंडात अंडी घाली. तो १९०७ पर्यंत मिसिसिपी राज्यात पोचला. आपल्याकडच्या बोंडअळीहून हा किडा निराळा, पण परिणाम तोच; हिरव्यागार दिसणाऱ्या रानातून वेचायला काही नाही. १९२७ च्या वसंतात तर नदीचे बांध फुटले आणि डेल्टाचा मोठा भाग पाण्याखाली गेला.

दुःखाला चाल लावली

या सगळ्यातून ब्लूज आले. इंग्रजीत मन उदास असले की ते ‘निळे’ झाले म्हणतात. त्यावरून हे नाव. खुरपताना, वखरताना, बांध घालताना एकाने हाळी द्यायची आणि दुसऱ्याने उचलायची, ही कामाची गाणी तिथे गुलामगिरीपासून होती. देवळात म्हणायची भजने होती. त्यांच्यातून १९०० च्या आगेमागे हे एकट्या माणसाचे गाणे तयार झाले. त्याची नेहमीची ठेवण अशी: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. पहिली ओळ दोनदा म्हणेपर्यंत पुढची सुचायला सवड मिळते. जात्यावर बसलेली बाई पहिला चरण घोळवते आणि तेवढ्यात पुढचा जुळवते, त्यातलाच हा प्रकार.

विषय म्हणाल तर रोजचे. सोडून गेलेली बायको, दारू, तुरुंग, आगगाडी, मालकाचा जाच, पाऊस आणि पूर. चार्ली पॅटन नावाच्या डेल्टातल्या गायकाने १९२९ मध्ये त्या बोंडातल्या किड्यावर गाणे तबकडीवर दिले आणि १९२७ च्या महापुरावरही दिले. वर्तमानपत्रांत त्या पुराचे फोटो आले, आकडे आले. पण ज्याच्या घरात पाणी शिरले त्याला काय वाटले, ते या गाण्यात राहिले.

काळ्या गायिकेने गायलेले पहिले ब्लूज तबकडीवर आले १९२० मध्ये. मेमी स्मिथ हे तिचे नाव. ती तबकडी इतकी खपली की कंपन्यांचे डोळे उघडले. गरीब काळा माणूसही गाण्यासाठी पैसे टाकतो, हे त्यांना तेव्हा समजले. मग १९२३ पासून मा रेनी आणि बेसी स्मिथ या बायांच्या तबकड्या निघू लागल्या. कंपन्यांची माणसे गायक शोधत दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचली. त्यांतलाच एक ॲव्हलॉनला आला.

दीड डॉलरची गिटार

जॉनची शाळा चौथीच्या आसपास सुटली. घरी हात हवे होते. गिटार मात्र त्याच्या हाती नवव्या वर्षीच आली होती. घरी एक ओळखीचा गिटार वाजवणारा मुक्कामाला यायचा. तो झोपला की पोरगा हळूच त्याची गिटार घ्यायचा आणि आवाज न करता बोटे फिरवायचा. शेवटी आईने दीड डॉलरला एक वापरलेली गिटार घेऊन दिली, असे तो म्हातारपणी सांगत असे. गुरू कोणी नाही. गाणे कसे वाजावे असे मनाला वाटते, तसे ते वाजेपर्यंत बोटांनी शोधायचे, ही त्याची रीत.

त्यातून जे तयार झाले ते आजूबाजूच्या कोणाच्या वाजवण्यासारखे नव्हते. डेल्टातले बाकीचे गायक आवाज चढवून, तार खेचून, जमीन हादरेल असे गात. जॉनचा आवाज हलका, जवळ बसून गोष्ट सांगावी तसा. अंगठा खालच्या जाड तारांवर सारखा ठेका धरी, जणू रहाटाची लय. बाकीची बोटे वरच्या तारांवर चाल वाजवत. ऐकणाऱ्याला वाटावे की दोघे जण वाजवत आहेत. मोठ्या आवाजाच्या सभेत हे गाणे हरवले असते. अंगणात बसलेल्या दहा माणसांना मात्र ते घरी जाऊ देत नसे.

गावच्या नाचगाण्यांना तो जाई. त्या राज्यात तेव्हा काळ्या-गोऱ्यांची पाणवठ्यापासून शाळेपर्यंत सगळी ताटातूट होती. तरीही विली नार्मोर हा गोरा शेतकरी, जो फिडल फार सुरेख वाजवी, त्याचा नेहमीचा साथीदार नसला की जॉनला बरोबर घेई. कंपनीचा माणूस आला तो या नार्मोरसाठी. नार्मोरने त्याला सांगितले, आमच्याकडे आणखी एक जण आहे, त्यालाही ऐका. माणसाची कदर करणारा असा एखादा तरी गावात असावा लागतो.

जॉनचे ऐकून घेतले आणि १९२८ च्या फेब्रुवारीत त्याला मेम्फिस शहरात बोलावले. त्याने नंतर सांगितले आहे ते असे: एवढे मोठे दालन आणि आत माणसे तीन. त्याला खुर्चीवर बसवले, माइक थेट तोंडाशी आणला आणि हलायचे नाही म्हणून बजावले. मान अवघडून गेली, ती पुढे कितीतरी दिवस दुखत होती. आठ गाणी घेतली, त्यांतली दोनच बाजारात आली. डिसेंबरात न्यूयॉर्कहून बोलावणे आले. कापसाच्या रानातला माणूस आगगाडीने त्या अफाट शहरात गेला. नाताळाच्या दिवसांत, ओळखीचे कोणी नाही. तिथे त्याला गावाची आठवण आली आणि त्याने गावावरच गाणे रचले. आपले गाव ॲव्हलॉन, असे त्याने त्या गाण्यात नाव घेऊन म्हटले. त्या वेळी कोणाला काय माहीत, की हाच पुढे त्याचा पत्ता ठरणार आहे.

मोबदला काय, तर गाण्यामागे वीस डॉलर आणि जाण्यायेण्याचा खर्च. मजुराच्या हाताला ही रक्कम लहान नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पण ती एकदाच. तबकडी पाऊण डॉलरला विकली जाई. दहा खपल्या काय नि दहा हजार खपल्या काय, गाणाऱ्याला पुढे काही नाही. त्या काळच्या बहुतेक ब्लूज गायकांशी असाच व्यवहार झाला. पीक उभे असतानाच रान गुत्त्याने देऊन टाकावे, तसे हे. भाव चढला तर फायदा घेणाऱ्याचा.

पस्तीस वर्षे

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदी आली. कापूस पौंडाला सतरा सेंटच्या आसपास होता, तो दोन वर्षांत सहाच्या घरात आला. पीठच विकत घेता येईना तिथे तबकडी कोण घेणार? कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या. जॉनच्या तबकड्या तशाही फार खपलेल्या नव्हत्या. त्याला पुन्हा पत्र आले नाही. तो शेतात परत गेला.

पुढची पस्तीस वर्षे तो तिथेच होता. वाट्याने शेती केली, मजुरी केली, गुरे राखली. जेसी ही त्याची बायको बरोबर राबत होती. पोरे मोठी झाली, नातवंडे आली. या पस्तीस वर्षांत त्याने कोणाला शिव्या दिल्याचे किंवा आपण कोणीतरी मोठे होतो असे सांगत फिरल्याचे कोणाला आठवत नाही. कुठे जमले तर गायचा. पुढे तर जवळ गिटारही उरली नाही.

तेवढ्यात शेतीच पालटली. त्याच मुलखात क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन यांच्या मळ्यात १९४४ मध्ये पेरणीपासून वेचणीपर्यंत संपूर्ण कापूस यंत्राने काढून दाखवला गेला. ज्या हातांवाचून कापूस निघत नव्हता, त्या हातांची गरज संपली. त्याच्या आधीपासूनच शिकागोसारख्या शहरांकडे गाड्या भरभरून माणसे जात होती. आता वस्त्या ओस पडू लागल्या. ब्लूजही त्यांच्याबरोबर शहरात गेले आणि तिथे विजेच्या गिटारीवर गाजू लागले. त्या गदारोळात जॉनसारख्यांची हलकी गाणी जुनी ठरली.

जुनी ठरली, पण पुसली गेली नाहीत. हॅरी स्मिथ नावाच्या एका छांदिष्ट माणसाने जुन्या तबकड्या जमवल्या होत्या. त्याने १९५२ मध्ये त्यांतली चौऱ्याऐंशी गाणी निवडून एक संच काढला. त्यात जॉनची दोन होती. कॉलेजातल्या मुलांनी तो संच पारायण करावे तसा ऐकला. हा कोण, कुठला, याची कोणाला कल्पना नव्हती.

मग १९६३ साल आले. वॉशिंग्टनच्या बाजूच्या काही जुन्या तबकड्यांच्या वेड्यांच्या हाती ते न्यूयॉर्कमध्ये रचलेले गाणे लागले. त्यात गावाचे नाव. नव्या नकाशात ते गाव सापडेना. शेवटी मागच्या शतकातल्या एका जुन्या नकाशात ग्रीनवूड आणि ग्रेनाडा या दोन गावांच्या मध्ये ते ठिपक्याएवढे मिळाले. टॉम हॉस्किन्स हा तरुण मार्च महिन्यात गाडी घेऊन निघाला. ॲव्हलॉनच्या दुकानाशी थांबला आणि भीत भीत विचारले, जॉन हर्ट नावाचा कोणी गायक इथे पूर्वी राहत होता का? दुकानावरच्या माणसांनी नुसता हात केला: या रस्त्याने जा, अमुक टपालपेटीपाशी वळा, टेकडीवर घर आहे. ज्याला मेलेला समजत होते, त्याच्या घरची वाट शेजारीपाजारी सहज सांगत होते. जॉन हरवलेला नव्हताच. शोधणारे आजवर तिथे आले नव्हते, एवढेच.

जॉन मात्र घाबरला. अनोळखी गोरा माणूस नाव विचारत दारात आला, हा सरकारी गुप्त पोलीसच असणार. आपण काही वाईट केले नाही, तुमची माणसात चूक होते आहे, अशी त्याने विनवणी केली. या भीतीला कारण होते. त्याच महिन्यात, तिथून थोड्याच अंतरावरच्या ग्रीनवूडमध्ये, मतदारयादीत नाव घालायला निघालेल्या काळ्या लोकांवर पोलिसांनी कुत्री सोडली होती. सत्तर वर्षांच्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात असणाऱ्या म्हाताऱ्यालाही दारात गोरा माणूस दिसताच आधी धसका बसावा, असा तो देश होता.

हॉस्किन्सने आपली गिटार त्याच्या हातात दिली. बोटे आखडली होती, सराव नव्हता. पण हळूहळू अंगठ्याने ठेका धरला आणि तबकडीवरचे ते पस्तीस वर्षांपूर्वीचे वाजवणे त्या घरात पुन्हा उमटले.

शेवटची तीन वर्षे

त्याच वर्षी जुलैत न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवात हा म्हातारा हजारो लोकांसमोर बसला. डोक्यावर तपकिरी हॅट, चेहऱ्यावर कोणालाही आजोबा म्हणावेसे वाटेल असे हसू. ओरडला नाही, नाचला नाही. अंगणात गात होता तसाच गायला. लोकांना कान देऊन ऐकावे लागले आणि त्यांनी ऐकले. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली. कॉलेजांत, कॉफीगृहांत बोलावणी सुरू झाली. टेलिव्हिजनवर तो दिसला. १९६५ मध्ये नाव झालेल्या एका तरुण गायकांच्या टोळीने आपले नावच त्याच्या एका गाण्यातून घेतले. त्याचे पाहून इतरांचाही शोध सुरू झाला. १९६४ मध्ये सन हाउस आणि स्किप जेम्स हे दोन जुने गायकही सापडले.

हे सुख तीन-साडेतीन वर्षांचे. २ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनाडा गावी हृदयविकाराने जॉन गेला. ॲव्हलॉनच्या टेकड्यांत त्याला पुरले. आज गिटार शिकणारी मुले, मग ती कोणत्याही देशातली असोत, अंगठ्याचा ठेका आणि बोटांची चाल वेगळी ठेवायला शिकताना त्याची गाणी गिरवतात. वयाच्या त्र्याहत्तरीच्या आसपास निघालेल्या त्याच्या एका तबकडीला २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिठेव्यात स्थान मिळाले. त्याच्या नातीने त्याचे ॲव्हलॉनचे लहानसे घर जपून तिथे संग्रहालय केले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत ते घर आगीत जळून गेले. लाकडाचे घर गेले. गाणी राहिली, कारण ती तोवर हजारो बोटांत जाऊन बसली होती.

आपल्या घरात काय आहे?

या हकीकतीत एक गोष्ट मनाला लागते. जॉन सापडला, कारण एक तबकडी निघाली होती आणि तिच्यात गावाचे नाव होते. ज्यांची तबकडी निघालीच नाही, असे त्या डेल्टात किती जण असतील? दुकानावरच्या माणसांना त्यांचीही घरे ठाऊक असतील. पण विचारायला कोणी आले नाही. आणि ज्यांचे नाव झाले, त्यांचेही काय झाले? बेसी स्मिथ तिच्या काळी लोकांनी डोक्यावर घेतलेली गायिका. ती १९३७ मध्ये मोटार अपघातात गेली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडावे लागले.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांची हीच गत झाली असती. चक्की आली, जाते अडगळीत पडले, आणि पहाटेचे गाणे थांबले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्या सोबत्यांसह गावोगाव हिंडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. नुसत्या ओव्या नाहीत. म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गावही लिहून ठेवले. म्हणून त्या आज ‘लोकगीत’ अशा बिननावाच्या ढिगात न पडता कोणातरी आजीच्या नावावर आहेत. गाण्याची जमीन कोणाच्या नावावर आहे, हा सातबारा असा लिहावा लागतो.

तेव्हा, वाचकहो, दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली व्यवहाराची. आपल्या घरातले पोरगे ढोलकी चांगली वाजवते, पोवाडा म्हणते, सून भलरीची किंवा लग्नातली गाणी म्हणते, आणि उद्या कोणी येऊन रक्कम हातावर ठेवून ‘इथे सही करा’ म्हणाले, तर आधी कागद वाचून घ्या. आज मिळते काय आणि पुढे मिळणार काय, हे दोन्ही विचारा. कपाशीचा सौदा करताना विचारतो, मग गळ्याचा करताना का लाजायचे?

दुसरी गोष्ट सोपी आहे आणि तिला खर्च नाही. आता घरोघरी आवाज धरून ठेवणारा मोबाइल आहे. पंचमीला किंवा लग्नाच्या हळदीला आजी गायला लागली, की तो तिच्यापुढे धरा. तिला हलू नको म्हणू नका, नाहीतर जॉनसारखी तिचीही मान दुखेल. हसू द्या, मध्ये थांबू द्या, विसरली तर शेजारणीला आठवू द्या. आणि गाणे संपल्यावर तिच्याच तोंडून दोन गोष्टी वदवून घ्या: तिचे नाव आणि तिच्या माहेरचे गाव.